जंतूंच्या सूक्ष्म पिशव्या आणि मेनिंजायटिसची दुसरी लस

मागील आठवड्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. मुलगी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघाली आहे. तिथल्या विद्यापीठाने पाठवलेली लसींची यादी त्यांनी माझ्यासमोर ठेवली. यादीत मेनिंजायटिसच्या दोन लसी होत्या. एक सक्तीची आणि दुसरी, 'बी' गटाची, घेतल्यास उत्तम अशी. "डॉक्टर, आजार एक आणि लसी दोन कशाला? यात काही दुकानदारी तर नाही?" असे त्यांनी सरळच विचारले. प्रश्न रास्त होता. उत्तर थोडे लांबचे आहे, म्हणून आजचा लेख त्यावरच.

मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह. तो अनेक जंतूंमुळे होतो, पण त्यातला मेनिंगोकॉकस हा जंतू सर्वांत घाईचा. नोकरीच्या पहिल्या वर्षांत ग्रामीण रुग्णालयात असताना मी एक सहा वर्षांचा मुलगा पाहिला होता. आदल्या दिवशी सकाळी ताप आला, संध्याकाळी अंगावर पुरळ उठले. घरच्यांना गोवर वाटला, म्हणून लिंबाचा पाला टांगून त्याला घरातच ठेवले. दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून आणला तेव्हा पुरळाचे जांभळे डाग झाले होते, हातपाय गार पडले होते आणि नाडी लागत नव्हती. आम्ही पेनिसिलिन दिले, सलाईन लावले. मुलगा रात्र काढू शकला नाही. औषध तर बरोबर होते, जंतूही त्या औषधाने मरणाराच होता. मग असे का व्हावे, हा प्रश्न बरीच वर्षे माझ्या मनात होता.

त्याचे बरेचसे उत्तर जंतूंच्या एका सवयीत आहे. मेनिंगोकॉकस, पटकीचा जंतू, विषमज्वराचा जंतू यांच्या अंगाभोवती दुहेरी पडदा असतो. तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा सुटून जसा फुगतो, तसा यांचा बाहेरचा पडदा जागोजागी फुगतो, आणि तो फुगवटा तुटून सुटा होतो. ही झाली पिशवी. शास्त्रीय नाव व्हेसिकल. मराठीत पुटिका म्हणू. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले वीस ते अडीचशे भाग, एवढाच तिचा आकार. साध्या सूक्ष्मदर्शकातून ती दिसत नाही. कलकत्त्याच्या चटर्जी आणि दास या संशोधकांनी 1967 साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलेले पटकीच्या जंतूचे असे फुगवटे हे या विषयातल्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक होत. त्या काळी पुष्कळांना हा जंतूचा निव्वळ कचरा वाटला.

कचरा तो नव्हे. या पुटिकांच्या पडद्यात एंडोटॉक्सिन नावाचे विष असते. मेनिंगोकॉकस त्या फार मोठ्या प्रमाणात सोडतो. रक्तात त्या पसरल्या की शरीराची प्रतिकारयंत्रणा एकदम भडकते, बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, आत गुठळ्या होतात, रक्तदाब कोसळतो. ते जांभळे डाग म्हणजे हेच. प्रतिजैविकाने जंतू मरतो, पण आधीच सुटलेले विष रक्तात राहतेच. शिवाय जंतूवर जायची प्रतिपिंडे या पुटिकांवर खर्च होतात. काही जातींचे जंतू तर पेनिसिलिन फोडणारे द्रव्यही पुटिकांत भरून सोडतात. एवढ्याशा जीवाची ही युक्ती पाहून मला तरी चकित व्हायला होते.

आता लसीकडे वळू. मेनिंगोकॉकसचे ए, सी, डब्ल्यू, वाय आणि बी हे मुख्य गट. पहिल्या चारांची लस त्यांच्या अंगावरच्या साखरेच्या वेष्टनापासून करतात. हजला जाणाऱ्या यात्रेकरूंना देतात ती हीच. 'बी' गटाचे वेष्टन मात्र गर्भातील मज्जापेशींवरच्या साखरेसारखे असते. आपले शरीर त्याला घरचेच समजते आणि प्रतिपिंडे नीट तयार करत नाही. म्हणजे तो रस्ता बंद.

तेव्हा संशोधकांनी जंतूच्याच पुटिका घेतल्या, रसायनाने धुऊन त्यांतले विष कमी केले आणि त्यांची लस केली. पुटिकेला जीव नाही, ती वाढू शकत नाही, पण जंतूची बाहेरची सगळी खूण तिच्यावर असते. क्यूबा आणि नॉर्वेने हा मार्ग आधी धरला. न्यूझीलंडमध्ये 1991 पासून 'बी' गटाच्या एकाच वाणाची साथ चालू होती. 2004 साली तिथे त्याच वाणाच्या पुटिकांची लस सुरू झाली आणि वीस वर्षांखालील सुमारे दहा लाख जणांना ती दिली गेली. उणीव एवढीच, की अशी लस मुख्यतः त्याच वाणावर चालते. म्हणून पुढे त्या पुटिकांत आणखी तीन प्रथिने घालून नवी लस केली. ब्रिटनमध्ये 2015 पासून तान्ह्या बाळांना ती देतात.

यात एक अनपेक्षित गोष्ट घडली. न्यूझीलंडमध्ये ही लस घेतलेल्या तरुणांत परमा हा गुप्तरोग कमी आढळला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे संरक्षण सुमारे 31 टक्के भरले. परम्याचा जंतू मेनिंगोकॉकसचा सख्खा भाऊच म्हणायचा. पुढच्या सगळ्याच चाचण्यांत असा गुण दिसला नाही. तरीही परम्यावरची औषधे एकामागून एक निकामी होत असल्याने इंग्लंडने ऑगस्ट 2025 पासून जास्त जोखमीच्या पुरुषांना ही लस देणे सुरू केले.

आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात 'बी' गटाची लस नाही, आणि भारतात ज्या मोठ्या साथी आल्या त्या मुख्यतः 'ए' गटाच्या होत्या. तेव्हा इथे राहणाऱ्यांनी तिच्यामागे धावू नये. पण ताप, मान ताठ होणे, उलट्या, गुंगी आणि सोबत पुरळ असेल, तर काचेचा पेला पुरळावर दाबून पाहावा. दाबूनही डाग फिका पडला नाही, तर तास मोजायला लागा आणि थेट मोठे रुग्णालय गाठा. सावळ्या कातडीवर डाग चटकन दिसत नाहीत; तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू पाहावी. डाग नसले तरी बाकीची लक्षणे पुरेशी आहेत. रुग्णाच्या घरातल्या माणसांनाही प्रतिबंधक औषध लागते; ते डॉक्टरांना विचारून घ्यावे.

त्या गृहस्थांना मी सांगितले, सक्तीची लस जाण्यापूर्वी घ्या, दुसरीबद्दल मुलीने तिथल्या आरोग्य केंद्रात विचारावे. वसतिगृहात राहणार असेल तर घेतलेली बरी. यादीची घडी करत ते म्हणाले, "म्हणजे दुकानदारी नाही तर." मी म्हटले, यात तरी नाही.