उत्तरं गोळा करू नका, वागणं टिपा

पदव्युत्तर वर्गात असताना आमच्या गटाने मानसशास्त्राच्या शोधनिबंधासाठी नेवासा तालुक्यातलं शनिशिंगणापूर निवडलं. तिथल्या घरांना चौकट असते, पण दार नसतं. चोरी करणाऱ्याला शनिदेव शिक्षा देतात, ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा उघडली, तेव्हा ‘कुलूप नसलेली बँक’ म्हणून देशभर बातम्या झाल्या. माणसांच्या वागण्याची ठरावीक रीत अभ्यासायला अहिल्यानगर जिल्ह्यात याहून चांगलं गाव कुठलं! विषय उत्तमच होता. निबंध फसला तो पद्धतीमुळे.

प्रश्नावली आम्हाला तयारच मिळाली होती. इंग्रजीतून उतरवलेली, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच पर्यायांची. ‘रात्री मला असुरक्षित वाटते’ हे विधान ओसरीवर बसून मोठ्याने वाचायचं आणि उत्तरावर खूण करायची. भोवती शेजारी असत, घरातली वडीलधारी असत. सगळ्यांचं उत्तर एकच: छे, कसली भीती! आकडेमोडीला बसल्यावर वय, शिक्षण, उत्पन्न कशाशीच सहसंबंध निघेना. निघणार कसा? उत्तरांत फरकच नसेल, तर सहसंबंधाला जागा उरत नाही. तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी विचारलं, “भीती वाटते म्हणणं म्हणजे देवावर भरवसा नाही म्हणणं, असं जिथे मानलं जातं, तिथे तुम्ही भीती मोजलीत की श्रद्धा?” या प्रश्नाचं उत्तर आमच्या निबंधात कुठेच नव्हतं.

मोजण्यासारखं तर डोळ्यांसमोर होतं. कुत्री आत येऊ नयेत म्हणून रात्री चौकटीला फळी कोण लावतं? परगावी जाताना शेजाऱ्याला कोण सांगून जातं? पाहुणा बाहेरून हाक मारतो की थेट आत येतो? २०१५ मध्ये तिथे पोलीस ठाणं सुरू झालं. त्यानंतर या सवयी बदलल्या का? हे सगळं पाहून नोंदवता येतं. प्रश्नावलीत यातलं काहीच नव्हतं.

माणूस सांगतो एक आणि वागतो दुसरं, हे मानसशास्त्राला जुनंच ठाऊक आहे. रिचर्ड लापिएर हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरले. तेव्हा तिथे चिनी लोकांविषयी उघड आकस होता. अडीचशेच्या आसपास हॉटेलं आणि खाणावळी झाल्या, नकार मिळाला तो एकाच ठिकाणी. नंतर त्यांनी त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं, चिनी पाहुणे घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी ‘नाही’ कळवलं. १९३४ चा हा निबंध प्रश्नावली हातात घेण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने वाचायला हवा.

म्हणून आता निबंधाला बसणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे, की विषय डोळ्यांना दिसेल इतका लहान करा. ‘मोबाइलचे व्यसन’ दिसत नाही. ‘एका तासिकेत फोन किती वेळा हातात घेतला’ हे दिसतं. कशाला एक वेळ धरायचं, हे आधी लिहून ठेवा. मग दोघांनी एकमेकांचा कागद न पाहता तेच वर्तन नोंदवा आणि नोंदी किती जुळतात ते तपासा. त्यासाठी कोहेनचा कप्पा हे माप आहे. नोंदी जुळल्या नाहीत तर व्याख्या सुधारा, आकडे नव्हे.

वेळेची निवड तितकीच महत्त्वाची. पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात आणि गळीत हंगाम संपला की परततात. तिथल्या मुलांच्या शाळेतल्या वागण्याचा अभ्यास फक्त डिसेंबरात केला, तर मागे आजीआजोबांकडे राहिलेली मुलंच दिसतील. जुलैत तोच वर्ग वेगळा असेल. एकदा दिसलं ती घटना. वेगवेगळ्या वेळी पुन्हापुन्हा दिसलं, तरच तिला रीत म्हणता येईल.

प्रश्न विचारणं टाळता येत नसेल, तर मतं विचारू नका, गेल्या आठवड्यात काय केलं ते विचारा. प्रश्न घरात बोलल्या जाणाऱ्या मराठीत लिहा आणि आधी चारदोन जणांना विचारून पाहा. शेजारी कोण उभं आहे, याकडे लक्ष द्या. राळेगणसिद्धीसारख्या दारूबंदीसाठी नावाजलेल्या गावात चारचौघांत पिण्याबद्दल विचारलं, तर उत्तर गावाच्या लौकिकाचं येईल, माणसाचं येणार नाही.

संमतीपत्र ही नुसती सही नव्हे. केव्हाही ‘नको’ म्हणता येतं, हे समोरच्याला स्पष्ट सांगा. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची परवानगी हवी आणि त्या मुलाचा होकारही हवा. नाव गाळलं म्हणजे ओळख लपली असं नाही. लहान गावात ‘एकमेव शिंपी’ एवढं लिहिलं तरी माणूस उघडा पडतो.

मुदत जवळ आली की उरलेले फॉर्म घरी बसून भरण्याचा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. मिळाले तेवढेच नमुने घ्या, संख्या खरी लिहा आणि मूळ कागद जपून ठेवा. मजकूर उचलू नका. युजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण कल्पना दुसऱ्याची असेल, तर साम्य शून्य टक्के निघालं तरी श्रेय द्यावंच लागतं. पैसे भरा, दोनतीन दिवसांत छापतो म्हणणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. तज्ज्ञांचं परीक्षण इतक्या घाईत होत नाही.

निष्कर्षात पुराव्यापलीकडे जाऊ नका. एका गावावरून जिल्हा ठरत नाही आणि दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही. मर्यादांचा भाग शेवटच्या रात्री नव्हे, आराखड्याबरोबरच लिहा. निम्म्या चुका तिथेच सापडतात. आणि निबंध पूर्ण झाला की त्याचा दोन पानी मराठी सारांश घेऊन त्याच लोकांकडे जा, वाचून दाखवा. “आम्ही असं वागत नाही” असं कुणी म्हणालं, तर वाद घालू नका. ते लिहून घ्या आणि निबंधात त्याला जागा द्या. ज्यांच्या वागण्यावर आपल्याला पदवी मिळते, त्यांचा तेवढा हक्क आहे.