कोंबडीची आंघोळ : केव्हा आणि कशी?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कोंबडीच्या आंघोळीवर लेख लिहावा, याचे काही मित्रांना हसू येईल. परंतु बेळगावच्या आसपास खेडोपाडी अनेक घरांत चार-पाच कोंबड्या असतात आणि अंड्यांच्या पैशांवर घरातील बाईचा वरखर्च भागतो. आमच्या आजीचा तसाच भागतो. अशा घरी एक कोंबडी दगावली, तर लळ्याबरोबर मिळकतही जाते. चुकीच्या रीतीने घातलेली आंघोळ कोंबडीच्या जिवावर बेतू शकते, म्हणून हा विषय अभ्यासण्याजोगा आहे.

कानडीत कोंबडीला 'कोळी' म्हणतात. मराठीतला कोळी पाण्यावर जगणारा. कानडीतली कोळी मात्र पाणी टाळणारी! तिची खरी आंघोळ धुळीची. कोरड्या मातीत खळगा करून ती लोळते आणि पिसांच्या मुळांपर्यंत धूळ उडवून घेते. या धुळीने जादा तेल शोषले जाते व उवा कमी होतात. म्हणून छपराखाली कोरडी माती, वाळू आणि लाकडाची थंड राख एकत्र करून ठेवावी. पावसाळ्यात अंगण भिजलेले असते, तेव्हा ही सोय विशेष उपयोगी पडते. एवढ्याने बहुतेक कोंबड्यांचे भागते.

मग पाणी केव्हा वापरावे? शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळली असेल, तर त्या घाणीवर माश्या अंडी घालतात आणि पुढे अळ्या पडण्याचा धोका असतो. तेव्हा धुणे आवश्यक होय. पिसांना तेल अथवा दाट चिखल लागला असेल, तरीही धुवावे. जागा लहान असेल, तर तेवढाच भाग धुवावा. लहान पिल्ले, आजारी कोंबडी आणि नवी पिसे फुटत असलेली कोंबडी यांना मात्र पूर्ण आंघोळ घालू नये. नव्या पिसांत रक्त असते. ती चोळली तर दुखतात.

आंघोळीसाठी उन्हाचा, वारा नसलेला दिवस निवडावा व सकाळी दहाच्या सुमारास सुरुवात करावी, म्हणजे वाळायला दुपार मिळते. एका टबात किंचित सौम्य शांपू घातलेले आणि दुसऱ्या दोहोंत स्वच्छ, असे कोमट पाणी घ्यावे. कोंबडीच्या अंगाची उष्णता सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते, त्यामुळे थंड पाण्याने ती लवकर गारठते. पाणी आपल्या कोपराला सुखद वाटेल इतपतच गरम असावे.

दोन्ही पंख अंगालगत धरून तिला हळूच पाण्यात उतरवावे. छाती आवळू नये. माणसासारखे श्वासपटल कोंबडीला नसते. छातीचे हाड खाली-वर झाले तरच तिच्या हवेच्या पिशव्यांत हवा खेळते. घट्ट धरलेली कोंबडी गुदमरते. पाणी पंखांच्या मुळापर्यंतच असावे. डोक्यावर ओतू नये. तोंड पुसायचे झाल्यास ओले फडके पुरे. वाळलेली घाण ओढून काढू नये, भिजू द्यावी. पिसे ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने हात फिरवावा. ऊबेने काही कोंबड्या डोळे मिटून मान टाकतात; अशा वेळी हनुवटीखाली हात ठेवावा आणि क्षणभरही तिला एकटी सोडू नये. नंतर दोन्ही स्वच्छ पाण्यांत शांपू पूर्ण काढावा.

खरी कसोटी वाळवण्याची आहे. जाड पंचात गुंडाळून पाणी टिपून घ्यावे, चोळू नये. मग उन्हात बसवावे. शेजारी सावली व प्यायला पाणी असावे. पिसांच्या मुळाशी बोट घालून पाहावे. तेथे ओल असेपर्यंत तिला खुराड्यात सोडू नये. शेवटी आपले हात साबणाने धुवावेत, कारण कोंबडीच्या विष्ठेतून माणसाला पोटाचे विकार होऊ शकतात.

आंघोळ म्हणजे औषध नव्हे. पुन्हा पुन्हा घाण चिकटत असेल, तर जंत, खाद्य किंवा एखादा रोग कारण असू शकतो. अशी कोंबडी पशुवैद्यकांना दाखवावी. अळ्या दिसल्या तर त्याच दिवशी.

खर्च लिहिण्यापूर्वी तो आवश्यक होता का, हे पाहावे, असे आम्ही हिशेबात शिकतो. कोंबडीला पाण्यात उतरवण्यापूर्वीही हाच प्रश्न विचारावा. बहुतेक वेळा उत्तर अंगणातल्या कोरड्या मातीतच सापडेल.