निशिगंधाचे कंद : निवड आणि लागवड

निशिगंध अथवा गुलछडी महाराष्ट्राच्या फुलबाजारात इतकी रुळली आहे की, ती मूळची मेक्सिकोची असल्याचे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. हार, वेणी, पूजा, फुलदाणी अशा सर्वच ठिकाणी तिला मागणी असते. या पिकाचे भवितव्य मात्र बऱ्याच अंशी लागवडीपूर्वीच ठरून गेलेले असते. पहिल्या फुलदांड्यास लागणारा अन्नसाठा कंदाने आदल्या हंगामातच साठविलेला असतो, हे त्याचे कारण होय.

स्वस्त मिळतात म्हणून बारीक कंद घेण्याचा मोह अल्पभूधारकास महागात पडतो. असे कंद पहिल्या वर्षी बहुधा पानांवरच राहतात. पाणी, खत व मजुरी यांचा खर्च होतो आणि वर्ष हातचे जाते. कंद चातीच्या आकाराचा, दाबून पाहता घट्ट आणि २० ते ३० ग्रॅम वजनाचा असावा. बारीक कंद टाकून न देता वेगळ्या वाफ्यात वाढवावेत. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याची पिले फुलतात. त्यामुळे जुने बेट फोडताना भोवतालचे टपोरे कंदच निवडावेत. नुकतेच काढलेले कंद सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरून सुमारे महिनाभर विसावू द्यावेत.

सुट्या फुलांसाठी एकेरी, तर लांब दांड्यांसाठी दुहेरी प्रकार उपयुक्त असतो. एकेरी फुलास सुगंध अधिक. नुसता कंद पाहून प्रकार ओळखणे अवघड असल्याने बेणे कृषी विद्यापीठाकडून किंवा ज्याचे पीक फुललेले पाहिले आहे अशा शेतकऱ्याकडूनच घेणे श्रेयस्कर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले रजनी’ आणि बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘शृंगार’ व ‘प्रज्वल’ हे एकेरी, तर त्याच संस्थेचा ‘सुवासिनी’ हा दुहेरी वाण आहे.

लागवड एप्रिल-मे महिन्यांत करतात. दोन ओळींत ३० सेंटीमीटर, दोन कंदांत २० सेंटीमीटर अंतर ठेवून कंद ५ ते ६ सेंटीमीटर खोल, निमुळते टोक वर करून लावावा. या हिशेबाने वाटा सोडून गुंठ्यास सुमारे दीड हजार, म्हणजे ३५ ते ४० किलो कंद लागतात. भारी काळ्या जमिनीत आषाढाचे पाणी साचले की कंद कुजतात. तेथे सपाट वाफे टाळून उंच गादीवाफे किंवा वरंबे करावेत. निचरा होत नसेल तर ती जागाच सोडावी. सूत्रकृमींचा उपद्रव असलेल्या शेतात निंबोळी पेंड मिसळावी व आधी झेंडूचे पीक घ्यावे.

शाळेच्या आवारात लागवड करताना एक व्यावहारिक अडचण उद्भवते. कंद फुटण्याचे दिवस नेमके उन्हाळी सुटीत येतात. ग्रामपंचायतीने मे महिन्यातील पाण्याची जबाबदारी कोणावर तरी नेमून दिल्याखेरीज कंद खरेदी करू नयेत.

लागवडीनंतर साधारण तीन महिन्यांत दांडे येऊ लागतात. तिसऱ्या वर्षी बेटे दाटून दांडे आखूड होतात. त्या वेळी पाणी तोडावे, पाने पिवळी पडू द्यावीत आणि कंद खणून, प्रतवारी करून पुढील लागवडीसाठी सावलीत पसरावेत.