वारंवार लागणारी ‘उन्हाळी’ आणि मूत्रमार्गाचा क्षयरोग

काशीच्या दुर्गाघाटावरचे असो वा पुण्यातले, मराठी घरात लघवीची जळजळ सुरू झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून धणे-जिऱ्याचे पाणी दिले जाते. वाराणसीच्या मे महिन्यात ते गैरही नाही. मात्र हीच तक्रार पुन्हा पुन्हा उद्भवत असेल, रात्री अनेकदा उठावे लागत असेल, लघवीतून रक्त जात असेल किंवा कुशीत दुखत असेल, तर मूत्रमार्गाच्या क्षयरोगाची शंका घ्यावी. ताप वा खोकला असेलच असे नाही. फुप्फुसातील जंतू रक्तावाटे मूत्रपिंडात पोहोचून तेथे वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतात.

या रोगाची एक खूण प्रयोगशाळेच्या अहवालातच असते. लघवीत ‘पस सेल’ वाढलेल्या दिसतात, परंतु नेहमीच्या कल्चर तपासणीत जंतू आढळत नाहीत. अशा वेळी प्रतिजैविके बदलत राहू नये. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी काही औषधे क्षयजंतूंनाही तात्पुरती दडपतात आणि निदान लांबते.

तपासणीसाठी सकाळची पहिली लघवी सलग तीन ते पाच दिवस द्यावी. जंतू रोज बाहेर पडतातच असे नाही. म्हणून एक नमुना निर्दोष निघाल्याने शंका फिटत नाही. सीबीनॅट तपासणीचा निष्कर्ष लवकर मिळतो. क्षयजंतूंच्या कल्चरला सहा आठवडेही लागतात. सोबत छातीचा एक्स-रे व सोनोग्राफी, गरजेनुसार सीटी स्कॅन करावा लागतो.

उपचार साधारणतः सहा महिने चालतो: दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-तांबडी होते. पूर्वी लघवीत रक्त पाहिलेला रुग्ण त्यामुळे घाबरून गोळ्या सोडतो. तसे करू नये. दृष्टी मंदावल्यास वा कावीळ दिसल्यास मात्र तत्काळ डॉक्टरांना भेटावे.

व्रण भरताना मूत्रवाहिनी आकसू शकते आणि काहीही न दुखता मूत्रपिंड निकामी होऊ शकते. त्यामुळे बरे वाटत असले तरी सांगितलेल्या तारखेला सोनोग्राफी करून घ्यावी.

रुग्णाची भांडी वेगळी करण्याचे कारण नाही. घरातील सर्वांनी मात्र तपासणी करून घ्यावी. वाराणसीत कबीरचौरा येथील मंडलीय रुग्णालयात अथवा बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात चौकशी करावी. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात औषधे विनामूल्य मिळतात व निक्षय पोषण योजनेतून उपचारकाळात दरमहा १००० रुपये खात्यात जमा होतात. निःशुल्क दूरध्वनी: १८००-११-६६६६.