ते कार्यालय फक्त निवृत्तांचे नाही

प्रश्न : यजमान सैन्यात, सध्या सीमेवर आहेत. मुलगा पाचवीत, मुलगी दुसरीत. सैनिक कल्याण कार्यालय माजी सैनिकांसाठीच असते, असे गावात सांगतात. मग आम्ही कुणाकडे जायचे?
– एक वाचक, घोडेगाव (ता. आंबेगाव)

उत्तर : ताई, हा समज अर्धाच खरा आहे. पुण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय सेवेतील जवानांच्या कुटुंबांच्या अडचणीही पाहते. गोंधळ होतो तो शिष्यवृत्तीमुळे. पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी आहे, सेवेतील जवानांच्या नाही. तुमच्या दोन्ही मुलांना शिक्षण भत्ता मिळतो, मात्र तो युनिटमार्फत. म्हणून शाळेचे दाखले जपून ठेवा. मुलाला सहावीसाठी सातारा सैनिक शाळेची प्रवेश परीक्षा देता येईल. १९६१च्या या शाळेत संरक्षण दलांतील जवानांच्या पाल्यांना राखीव जागा आहेत आणि आता मुलीही शिकतात. वडील दूर असताना मुलालाही दूर का धाडायचे, ही शंका रास्तच आहे. राखीव जागा म्हणजे सक्ती नव्हे. तो घरी रमला असेल तर गावची शाळा उत्तम. प्रवेशाची हमी देऊन पैसे मागणाऱ्यांना मात्र दारातूनच परत पाठवा. पुण्याला जाण्याआधी फोन करा आणि डिपेंडंट कार्ड सोबत न्या.