कॅमेऱ्याच्या खिडकीतून

जामच्या चौरस्त्यावर उभे राहिले की नागपूरहून आलेला रस्ता एकीकडे हैदराबादला आणि दुसरीकडे वरोरा-चंद्रपूरला फुटताना दिसतो. मालमोटारींची वर्दळ ओलांडून थोडे आत शिरावे, तर हंगामात पऱ्हाटीच्या शेतांत वेचणी चाललेली असते. गेल्या हंगामात उसना डिजिटल कॅमेरा घेऊन मी अशाच एका शेतात दुपारभर फोटो काढले. कॅमेऱ्यात प्रत्येक फोटो सुरेख दिसत होता. रात्री संगणकावर पाहतो तो काय, ओटीतला कापूस म्हणजे नुसता पांढरा डाग! ज्या मावशींना फोटो देण्याचे कबूल केले होते, त्यांना आता काय दाखवावे? चूक माझीच होती. ती का झाली हे शोधताना जे वाचले आणि करून पाहिले, ते येथे मांडीत आहे.

कॅमेऱ्याच्या ज्या खिडकीला डोळा लावून आपण फोटोची चौकट ठरवितो, तिला व्ह्यूफाइंडर म्हणतात. ही खिडकी जे दाखविते तेच फोटोत उतरते, असे आपण गृहीत धरतो. परंतु तसे ते कधीच नव्हते. याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला आहे. गांधीजींच्या पुतण्याचे चिरंजीव कनू गांधी यांना फोटो काढण्याची परवानगी मिळाली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, कोणाला मुद्दाम बसवून फोटो काढायचा नाही आणि आश्रम खर्च देणार नाही. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनी रोलायफ्लेक्स कॅमेरा घेतला. या कॅमेऱ्याला एकावर एक अशी दोन भिंगे असतात. खालच्या भिंगातून फिल्मवर चित्र उमटते. वरच्या भिंगाचे चित्र आरशावरून वळून माथ्यावरच्या घासलेल्या काचेवर पडते. छायाचित्रकार कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून त्या काचेत पाहतो. चित्र सुलटे असते, पण डावे-उजवे बदललेले. चालत्या माणसाच्या मागे कॅमेरा वळवायचा तर हात उलट दिशेने न्यावा लागतो. शिवाय पाहणारे भिंग वेगळे आणि टिपणारे वेगळे, त्यामुळे जवळच्या वस्तूच्या बाबतीत चौकट किंचित सरकते. उन्हात काच फिकी पडू नये म्हणून तिच्याभोवती झडपांचा आडोसा असतो. एका रोलवर फोटो बारा, आणि तो कसा आला हे कळणार फिल्म धुतल्यावर. इतक्या अडचणींतून, फ्लॅशशिवाय, ते फोटो निघाले आहेत! खिडकी काय लपविते आणि काय उलटविते, हे हाताला ठाऊक होते म्हणूनच ते जमले असावे, असे मला वाटते.

पुढे एसएलआर कॅमेरा आला. त्यात आरसा आणि प्रिझम यांच्या साहाय्याने, ज्या भिंगातून फोटो निघतो त्यातूनच सरळ चित्र दिसू लागले. मात्र दिसे ते प्रत्यक्ष दृश्य. फोटो उजळ येईल की काळपट, हे त्यात कळत नसे.

इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरात आरसाच नाही. भिंगातून आलेला प्रकाश सेन्सरवर पडतो, कॅमेरा त्याचे चित्र तयार करतो आणि डोळ्याजवळच्या चिमुकल्या पडद्यावर ते दाखवितो. २००८ साली पॅनासॉनिकच्या जी-१ मध्ये या पडद्यावर सुमारे १४ लाख ४० हजार बिंदू होते. २०२० च्या सोनी ए-७ एस-३ मध्ये ते ९४ लाखांवर गेले. (जाहिरातीतला आकडा वाचताना सांभाळावे. एका चित्रकणासाठी लाल, हिरवा व निळा असे तीन बिंदू लागतात. ३७ लाख बिंदू म्हणजे १२८० गुणिले ९६० चित्रकण.)

याची सोय खरोखर मोठी आहे. आपल्याकडच्या उन्हात कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा आरशासारखा चमकतो, आपलेच तोंड त्यात दिसते. डोळ्याशी लावलेली खिडकी मात्र स्वच्छ दिसते. फोकस तपासायला चित्र मोठे करता येते. चष्मेवाल्यांसाठी बाजूला नंबर जुळविण्याची चकती असते. माझ्यासारख्याने ती पहिल्या दिवशीच फिरवून घ्यावी, नाहीतर फोकस चुकला की डोळा हेच कळत नाही.

गैरसोयीही आहेत. मिणमिणत्या उजेडात चित्र दाणेदार होते आणि हलत्या माणसामागे क्षणभर रेंगाळते. डोळा जवळ येताच खिडकी आपोआप सुरू होते. परंतु तिथल्या संवेदकाला डोळा आणि गमछा यांतला भेद कळत नाही. आणि पडदा सतत वीज खातो. निकॉनच्या आरशाच्या डी-८५० ला जपानी उत्पादक संघटनेच्या प्रमाणित चाचणीत एका बॅटरीवर १८४० फोटो दिले गेले, तर बिनआरशाच्या झेड-७ ला ३३०. लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी खिडकी काळी झाली, की अक्षता पुन्हा कोण टाकणार?

आता माझ्या चुकीकडे येतो. लख्ख उन्हातून डोळा खिडकीला लावला की आकसलेल्या बुबुळाला आतले चित्र अंधारे वाटते. मला फोटोच काळपट वाटला आणि मी उजेड वाढवीत गेलो. दुसरे असे की खिडकीतले चित्र म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच्या समजुतीने शिजवून वाढलेले चित्र. सावलीतला जो भाग तिथे काळाठिक्कर दिसतो, त्यात रॉ फाइलमध्ये पुष्कळ तपशील शिल्लक असतो. पांढरा मात्र एकदा जळला की गेला. त्यासाठी खिडकीतच हिस्टोग्रामचा आलेख दिसतो. त्याची उजवी कड भिंतीला थडकू द्यायची नाही. झेब्रा सुरू केला, तर जळण्याच्या बेतात आलेल्या भागावर पट्टे उमटतात. कापसावर पट्टे दिसले की उजेड कमी करायचा, मग चित्र डोळ्याला कितीही मंद वाटो. ही सारी सोय माझ्या हातातल्या कॅमेऱ्यात होती, मी ती उघडून पाहिली नव्हती इतकेच.

फरदडीच्या वेचणीला मी पुन्हा गेलो. या वेळी पट्टे पाहून फोटो काढले, एक छापून मावशींना नेऊन दिला. त्यांनी तो दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाल्या, "कापूस बेस आला रे बाबू, पण माहं तोंड काहून एवढं काळं आलं?"

त्या रात्री फाइल उघडून पदराखालची सावली उजळली आणि दुसरी प्रत काढली.