साक्ष देता येत नाही, म्हणजे विश्वास खोटा?

प्रश्न : लहानपणी बाप्तिस्मा, पुढे दृढीकरण, दर रविवारी उपासना. पण मंडळीत इतर जण ख्रिस्तभेटीची साक्ष देतात, तशी मला देता येत नाही. माझा विश्वास खोटा आहे का?

उत्तर : नाही. असा अनुभव बाप्तिस्म्यानंतर उशिराही येऊ शकतो. पंडिता रमाबाईंचेच पाहा. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी मनाला स्वस्थता नव्हती. सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. स्वतःचेच प्रवचन करता करता या गृहस्थाचे हृदयपरिवर्तन झाले होते! आपण धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त अजून नाही, हे रमाबाईंना तेव्हा उमगले. 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी ते मोकळेपणाने लिहिले आहे.

मात्र सर्वांनाच असा एक क्षण सांगता येतो असे नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे सोवळे-ओवळे आधी सुटले, बाप्तिस्मा नंतर झाला. पौलाला दिमिष्काच्या वाटेवर प्रकाश दिसला. तीमथ्याला मात्र विश्वास लाभला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्या घरात. त्याचा विश्वास निष्कपट असल्याची ग्वाही खुद्द पौलानेच दिली आहे.

म्हणून डोळ्यांत पाणी आले की नाही, हे मोजू नका. ज्या भावाशी बोलणे टाकले, त्याच्याकडे जावेसे वाटते का, हे पाहा. अनुभवाची माझ्या मते तीच खरी खूण. मार्काचे शुभवर्तमान रोज एक अध्याय वाचा, मनातली शंका प्रार्थनेत आहे तशी बोला आणि आपल्या पाळकांना हा प्रश्न अवश्य विचारा.